विज्ञानाला ठाऊक नसलेला प्राणी

फळवाला संत्र्यांचे खोके उघडतो. वरची संत्री बाजूला करतो तर आत एक प्राणी झोपलेला. अंगावर तपकिरी लव, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना ताटलीएवढे कान, डोळे मोठे आणि बावरलेले. फळवाला त्याला उचलून बसवतो, तो कोसळतो. पुन्हा बसवतो, पुन्हा कोसळतो. मग त्याला प्राणिसंग्रहालयात नेतात. तिथला रखवालदार त्याला आत घेऊन जातो आणि थोड्या वेळाने परत आणून देतो. याला घेता येणार नाही. हा प्राणी विज्ञानाला ठाऊक नाही, त्यामुळे कोणत्या पिंजऱ्यात ठेवायचा हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटी त्याचा मुक्काम रस्त्यावरच्या एका टेलिफोन बूथमध्ये पडतो.

हा प्रसंग ‘मगर गेना’ या वीस मिनिटांच्या बाहुलीपटातला. मॉस्कोच्या सोयूझमुल्तफिल्म या सरकारी स्टुडिओने तो १९६९ साली लहान मुलांसाठी काढला. मूळ गोष्ट एदुआर्द उस्पेन्स्की यांच्या १९६६च्या बालपुस्तकातली. दिग्दर्शक रोमान काचानोव आणि पात्रांना रूप देणारे कलादिग्दर्शक लिओनिद श्वार्त्समान. याच मंडळींनी पुढे ‘चेबुराश्का’ (१९७१), ‘शापोक्ल्याक’ (१९७४) आणि ‘चेबुराश्का शाळेत जातो’ (१९८३) असे आणखी तीन चित्रपट केले. चारही मिळून जेमतेम सव्वा तासाचा ऐवज. एवढ्याशा ऐवजावर एका देशातली मोठी माणसे पन्नासहून अधिक वर्षे जीव टाकत आली. त्यांनी त्याच्यावर विनोद रचले, त्यातली वाक्ये कामाच्या ठिकाणी वापरली, त्याच्या मालकीवरून कोर्टात भांडली, त्याला ऑलिंपिकला नेले.

मुलांसाठी केलेली गोष्ट मोठ्यांनी अशी का उचलून धरावी? पहिले उत्तर सहज सुचते: लहानपणी पाहिलेले माणूस विसरत नाही. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. १९६९ साली जे आधीच चाळिशीत होते त्यांच्या लहानपणात चेबुराश्का नव्हता, आणि तरीही पहिल्यांदा हसले आणि गहिवरले त्यांत तेही होते. तेव्हा उत्तर त्या काळात शोधायला हवे.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. रशियन भाषेत ‘मुल्तफिल्म’ या एकाच शब्दात हाताने काढलेले कार्टून आणि एकेक चौकट हलवून चित्रित केलेल्या बाहुल्या, दोन्ही येतात. लाडाने त्याला ‘मुल्तिक’ म्हणतात. हे मुल्तिक चित्रपटगृहात दाखवले जात आणि दूरदर्शनवरही. १९६४पासून तिथे रोज संध्याकाळी ‘शुभ रात्री, बाळांनो’ हा कार्यक्रम लागे. त्यात बाहुल्यांच्या गप्पा आणि एक छोटे कार्टून असे. नंतर रात्रीचे सरकारी बातमीपत्र. घरात टीव्ही एकच, वाहिन्या मोजक्या, आणि बातम्यांची वाट पाहणारे आजोबा, कामावरून आलेली आई, झोपायला निघालेली नात हे सगळे एकाच खोलीत. मुलांचा कार्यक्रम मोठी माणसे ‘पाहायला जात’ नव्हती, तो त्यांच्या डोळ्यांसमोर होताच. ज्यांनी रविवारी सकाळी सगळ्या घरासोबत दूरदर्शन पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण डोळ्यांसमोर असलेली प्रत्येक गोष्ट मनात शिरत नाही. त्यासाठी १९६८ आणि १९६९ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

१९६८ साली याच स्टुडिओत आंद्रेई ख्र्झानोव्स्की यांनी ‘काचेची हार्मोनिका’ नावाचा ॲनिमेशनपट पूर्ण केला. तो मोठ्यांसाठीच होता. युरोपीय चित्रकलेतल्या आकृत्या आणि आल्फ्रेड श्निट्के यांचे संगीत वापरून केलेली ही एक रूपककथा. एका शहरावर पैशाचे आणि गोल टोपी घातलेल्या एका माणसाचे राज्य आहे, आणि एक वादक तिथे संगीत घेऊन येतो. ही गोष्ट भांडवलशाही समाजाची आहे अशी पाटी सुरुवातीला लावूनही चित्रपट सुटला नाही. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते आणि मॉस्कोतली हवा आखडत चालली होती. चित्रपट फडताळात गेला, तो पेरेस्त्रोइकाच्या काळातच बाहेर आला.

पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, त्याच स्टुडिओतून चार गोष्टी बाहेर पडल्या: ‘मगर गेना’, फ्योदोर खित्रुक यांचा ‘विन्नी पूख’, लांडगा आणि सशाच्या ‘थांब, बघतोच तुला!’ या मालिकेचा पहिला भाग, आणि ‘ब्रेमेनचे वादक’. चारही मुलांसाठी आणि चारही मोठ्यांच्या बोलण्यात कायमच्या मुरलेल्या. मोठ्यांसाठी केलेली फिल्म मोठ्यांपर्यंत पोचली नाही आणि मुलांसाठी केलेल्या पोचल्या. माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या शेजारात आहे.

यामागे जुनी वहिवाट होती. सोव्हिएत काळात ज्या लेखकाचे मोठ्यांसाठीचे लेखन छापले जात नसे, त्याला बालसाहित्यात बऱ्याचदा जागा मिळे. लेनिनग्राडचे दानिल खार्म्स बालमासिकांत लिहून पोट भरत. त्यांचे मोठ्यांसाठीचे लेखन हयातीत जवळजवळ छापलेच गेले नाही. दोनदा अटक झाली आणि १९४२ साली तुरुंगातल्या मनोरुग्णालयात ते गेले. पुढच्या पिढीतले कवी गेन्रिख सापगीर यांच्या मोठ्यांसाठीच्या कविता दशकानुदशके हस्तलिखितांतून फिरत राहिल्या, पण मुलांच्या कार्टूनच्या पटकथांवर त्यांचे नाव उघड झळके. त्यांनी गेन्नादी त्सिफेरोव यांच्यासोबत लिहिलेल्या ‘रोमाश्कोवोचे इंजिन’ (१९६७) या चित्रपटातले छोटे इंजिन वाटेत फुले बघायला आणि बुलबुल ऐकायला थांबते आणि रोज उशिरा पोचते. पंचवार्षिक योजनेच्या देशात उशिरा पोचणाऱ्या आगगाडीची बाजू घेणे मुलांच्या चित्रपटातच शक्य होते.

चेबुराश्काच्या चमूतही अशीच माणसे होती. काचानोव स्मोलेन्स्कचे ज्यू, त्यांचे वडील आणि बहीण नाझींनी मारले. श्वार्त्समान मिन्स्कच्या ज्यू घरातले, त्यांची आई लेनिनग्राडच्या वेढ्यात गेली. बाहुल्या हलवणाऱ्यांत एक तरुण होता, यूरी नोर्श्तेइन. पुढे याच नोर्श्तेइन यांनी ‘धुक्यातला साळिंदर’ (१९७५) केला, आणि २००३ साली टोकियोत जगभरच्या ॲनिमेशनकारांनी दिलेल्या कौलात तो आजवरचा सर्वोत्तम ॲनिमेशनपट ठरला. या लोकांनी आपली दुय्यम कला मुलांसाठी राखून ठेवली नव्हती. त्यांच्याकडे होते तेवढे सगळे ते इथेच ओतत होते, कारण ओतायला दुसरे भांडेच नव्हते.

आता पुन्हा पडद्याकडे वळू आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला काय दिसत होते ते पाहू.

त्याला पहिल्यांदा दिसला असेल तो कागद. सोव्हिएत नागरिकाच्या अंतर्गत पासपोर्टात पाचवा रकाना ‘राष्ट्रीयता’चा होता: रशियन, युक्रेनी, उझबेक, ज्यू. राहायच्या जागेची नोंद वेगळी, आणि ती नसेल तर शहरात राहता येत नसे. सामूहिक शेतांवरच्या बहुतेक शेतकऱ्यांना १९७४च्या निर्णयापर्यंत असा पासपोर्ट मिळण्याचा हक्कही नव्हता. कोणत्या रकान्यात घालायचे ते कळत नाही म्हणून ज्याला दारातून परत पाठवतात आणि जो शेवटी फोनच्या खोक्यात राहतो, त्या प्राण्याकडे पाहून सहा वर्षांचे मूल हसत असेल. पण त्याच्या मागे बसलेल्या माणसाने त्या दारात कधीतरी स्वतः उभे राहून पाहिलेले असते. मायया बालाकिर्स्की कात्झ या अभ्यासिकेने २०१६च्या आपल्या ग्रंथात सोव्हिएत ॲनिमेशनमधल्या ज्यू कलावंतांचा इतिहास मांडताना चेबुराश्काचे हे बिनमुळाचेपण नेमके याच अनुभवाशी जोडले आहे. पण हा अनुभव एकट्या ज्यूंचा नव्हता. उझबेकी मजुराचा होता, खेड्यातून आलेल्या मुलीचा होता. कागद नाही म्हणून माणूस नाही, हे आपल्याकडेही कुणाला परके वाटू नये.

दुसरा दिसला असेल गेना. हा मगर प्राणिसंग्रहालयात मगर म्हणून नोकरी करतो. घंटा वाजली की कोट चढवतो, टोपी घालतो, तोंडात पाइप धरतो आणि घरी जातो. घरी एकटाच स्वतःशी बुद्धिबळ खेळतो. दिवसभर कुणीतरी म्हणून ‘काम करायचे’ आणि संध्याकाळी आपण व्हायचे, ही विभागणी ज्या समाजात प्रत्येकाच्या अंगवळणी पडली होती, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागला नाही. गेना एके दिवशी कागदावर जाहिरात लिहितो: एका तरुण मगराला मित्र हवे आहेत. उस्पेन्स्की यांच्या पुस्तकात तो पन्नास वर्षांचा आहे. १९५७नंतर शहरांच्या कडेला लक्षावधी नवी घरे उभी राहिली. सामायिक स्वयंपाकघरांतून, एकेका खोलीतून कुटुंबे स्वतंत्र फ्लॅटमध्ये गेली. ते मोठे सुख होते. पण दार लावून घेतल्यावर येणारा एकटेपणाही त्यासोबत आला. सामुदायिक आनंदाची गाणी गाणाऱ्या व्यवस्थेत या एकटेपणाला अधिकृत नाव नव्हते. एका मगराने ते खांबावर चिकटवले.

मग मित्र नसलेल्यांसाठी ‘मैत्रीचे घर’ बांधायचे ठरते. मॉस्कोत खरोखरचे मैत्री-भवन १९५९पासून होते, परदेशी पाहुण्यांसाठी. चित्रपटात घर बांधून होते, चेबुराश्का भाषण करतो, आणि भाषणात इतकेच असते की बांधत होतो, बांधत होतो, शेवटी बांधून झाले. हे भाषण मोठ्यांनी लगेच उचलले. रखडलेले काम एकदाचे संपले की कारखान्यात, कचेरीत तेच म्हणायचे. पण खरी गंमत त्यानंतर आहे. मैत्रीसाठी नावे नोंदवायला रांग लागते तेव्हा कळते की विटा उचलता उचलता सगळे आधीच मित्र झाले आहेत. संस्थेची गरजच उरलेली नाही. घर बालवाडीला देऊन टाकतात.

पुढचे दोन चित्रपट याच वाटेने जातात. १९७१च्या चित्रपटात गेना आणि चेबुराश्का यांना पायोनियर पथकात घेत नाहीत, कारण त्यांना संचलन जमत नाही. त्यांना घेतले जाते ते भंगार गोळा करण्यात ते सगळ्यांना मागे टाकतात तेव्हा, आणि त्या भंगारात चक्क जहाजाचा नांगर असतो. कोटा पूर्ण करण्यासाठी काय काय ‘गोळा’ होते हे ठाऊक असलेला माणूस इथे मुलापेक्षा मोठ्याने हसला असणार. १९७४च्या चित्रपटात एका कारखान्याची घाण नदीत सोडली जाते. साहेबाला सांगून भागत नाही, तेव्हा गेना स्वतःच्या अंगाने नळ बंद करतो. शेवटी दोघे मित्र आणि त्यांना छळणारी म्हातारी शापोक्ल्याक आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या टपावर बसून जातात. खलनायिकाही सोबतच, टपावर.

हे सारे वाचून असे वाटेल की चित्रपटकारांनी मुलांच्या गोष्टीत गुप्त संदेश लपवला आणि सेन्सॉरला चकवले. सोव्हिएत कलेबद्दल अशी हकिकत सांगायला सोपी असते, आणि ऐकणाऱ्यालाही चतुर वाटते. मला ती पटत नाही. लपवलेला संदेश एकदा उलगडला की संपतो. चेबुराश्का पन्नास वर्षांत संपला नाही. सेन्सॉरनेही तो पाहिला होता, त्याच्या मुलांनीही पाहिला होता, आणि त्यालाही तो आवडलाच असेल. ‘काचेची हार्मोनिका’ला अर्थ होता, म्हणून तिच्यावर बोट ठेवता आले. चेबुराश्काला दारातून परत पाठवतात तेव्हा तो कशाचे प्रतीक नसतो. तो खरोखरच परत पाठवलेला असतो, आणि मान खाली घालून निघतो. श्वार्त्समान यांनी त्याच्या रूपात केलेले बदल याच दिशेचे आहेत. पुस्तकात त्याचे डोळे घुबडासारखे पिवळे आहेत आणि त्याला आखूड शेपूट आहे. श्वार्त्समान यांनी शेपूट काढून टाकले, कान वाढवून चेहऱ्याच्या बाजूंना आणले, पाय जवळजवळ नाहीसे केले आणि डोळे लहान मुलाचे दिले. क्लारा रुम्यानोवा यांचा आवाज त्यात मिळाला. प्राण्याची खूण जितकी पुसली गेली तितका पाहणारा त्याच्या जवळ गेला.

मोठ्यांच्या या प्रेमाचा पहिला पुरावा म्हणजे विनोद. गेना आणि चेबुराश्का यांच्यावर तोंडोतोंडी फिरणाऱ्या विनोदांची मालिकाच तयार झाली. स्वयंपाकघरात, चहा किंवा व्होडकाच्या टेबलावर, क्रांतीतला सेनानी चापायेव आणि पडद्यावरचा हेर श्टिर्लित्स यांच्यासोबत हे दोघेही बसले. त्यांतले बरेच विनोद मुलांसमोर सांगण्यासारखे नव्हते. ज्याच्यावर लोक परवानगी न घेता विनोद करतात तो लोकांचा झालेला असतो.

दुसरा पुरावा नावात आहे, आणि अनेक भाषांत वावरणाऱ्या वाचकाला तो आवडावा. उस्पेन्स्की सांगत की पायघोळ फर-कोट घातलेली एक लहान मुलगी सारखी पडत होती आणि तिच्या वडिलांनी ‘चेबुराख्नुलास’, म्हणजे ‘धपकन पडली’, असा शब्द वापरला, त्यावरून नाव सुचले. पण दाल यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कोशात ‘चेबुराश्का’ हा शब्द आधीपासून आहे. तिथे त्याचा अर्थ, पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली. भाषांतरकारांनी बहुधा पडण्याचीच बाजू धरली: इंग्रजीत तो ‘टॉपल’ झाला, स्वीडिशमध्ये ‘द्रुत्तेन’, जर्मनमध्ये ‘कुलरशेन’. मराठीत त्याला नाव द्यायचे तर मी ‘धडपड्या’ म्हणेन. आपल्या भाषेत धडपडणे म्हणजे ठेच लागून पडणे आणि धडपडणे म्हणजे चिकाटीने खटपट करणे. साने गुरुजींनी कादंबरीला ‘धडपडणारी मुले’ हे नाव दिले तेव्हा दुसरा अर्थ धरला होता, पण पहिला त्याच्या पोटात आहेच. रशियन शब्दाची दोन्ही टोके एका शब्दात पकडण्याची सोय मराठीला आयती मिळाली आहे.

हा विचार मराठी वाचकाला सुचण्याचे कारणही आहे. सोव्हिएत बालपुस्तके मराठीत आणि इतर भारतीय भाषांत भाषांतरित होऊन, मॉस्कोत छापली जाऊन इथे येत. मुंबईचे लोकवाङ्मय गृह ती विकत असे. जाड कागद, भरपूर चित्रे आणि खिशाला परवडणारी किंमत. १९९१नंतर ती येणे थांबले. आज ती जुन्या बाजारात शोधणारे, स्कॅन करून जपणारे बहुतेक लोक पन्नाशीच्या आसपासचे आहेत. ज्या देशाची ती पुस्तके होती तो देश उरला नाही, आणि त्याची सरकारी पत्रके कुणी जपून ठेवली नाहीत.

तो देश गेल्यावर चेबुराश्काचे काय झाले, हा या गोष्टीचा अवघड भाग. २००१ साली तो टोकियोच्या चित्रपटगृहात लागला आणि जपानी तरुणींना इतका आवडला की पुढे जपानने त्याचे स्वतःचे चित्रपट केले. इकडे रशियात उस्पेन्स्की आणि श्वार्त्समान यांच्यात तो कोणाचा, लिहिणाऱ्याचा की घडवणाऱ्याचा, यावरून कोर्टकचेरी झाली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपासून काही वर्षे तो रशियन संघाचा शुभंकर होता. ज्याला एकेकाळी प्राणिसंग्रहालयाने दारातून परत पाठवले त्याला राष्ट्राने छातीवर लावले. २०२३च्या पहिल्या दिवशी ‘चेबुराश्का’ नावाचा नवा, माणसांनी काम केलेला चित्रपट रशियात लागला. युक्रेनवरच्या आक्रमणाला दहा महिने झाले होते, हॉलिवुडच्या स्टुडिओंनी आपले चित्रपट तिथे पाठवणे बंद केले होते. त्या चित्रपटाने ६०० कोटी रूबलपेक्षा जास्त गल्ला केला आणि तोवरच्या रशियन चित्रपटांचे सगळे विक्रम मोडले. चित्रपटगृहे भरली त्यांत मुलांसोबत आलेले आईबाप आणि आजीआजोबा होतेच.

त्या अंधारात बसलेल्या मोठ्या माणसांना काय हवे होते, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. काहींना थोडा वेळ बातम्या विसरायच्या असतील. काहींना आपण अजून चांगली माणसे आहोत अशी खात्री हवी असेल. एकच प्राणी १९६९ साली दाराबाहेरच्यांची बाजू घेतो आणि २०२३ साली दार लावून घेतलेल्यांना ऊब देतो. मुलांच्या गोष्टीवर मोठ्यांनी जीव लावला की ती त्यांची होते, आणि मग त्यांच्या चांगल्या-वाईट सगळ्या गरजांना ती वापरली जाते. श्वार्त्समान २०२२च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी गेले. हा नवा गल्ला त्यांनी पाहिला नाही.

पण जुनी वीस मिनिटे जशीच्या तशी आहेत. तिच्यात खोके उघडते, तो कोसळतो, उठतो, परत पाठवला जातो, आणि एकदा एका मगराच्या जाहिरातीखाली येऊन उभा राहतो. मोठे लोक मिळून एक घर बांधतात आणि बांधून झाल्यावर ते मुलांना देऊन टाकतात. तिथे चेबुराश्काला पहिल्यांदाच नोकरी मिळते: बालवाडीत, खेळणे म्हणून.